चौथी ओळ

पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या तंबूतल्या इस्पितळात एक रिवाज पडला होता. बरा झालेला शिपाई आघाडीवर परतताना एल्स्पेथ सिस्टरच्या डायरीत चार ओळींची कविता लिहून जायचा. लिहिणाऱ्यांपैकी कुणीच पुन्हा दिसलं नव्हतं. म्हणून डुगल नावाच्या शिपायाची तिसरी ओळ संपताच तिने पेन्सिल हिसकावून घेतली. "चौथी परत आल्यावर." "तोवर यमक विसरलो तर, सिस्टर?" "दुसरं जुळव. पण इथे येऊन." म्हातारपणी तिच्या ग्लासगोच्या घरी संग्रहालयाची बाई डायरी न्यायला आली. सुकलेली फुलं, गणवेशाची बटणं बघत ती तीन ओळींच्या कवितेपाशी थबकली. शेजारच्या बोटभर पेन्सिलीला ताजं टोक होतं. "हे कुणी केलं?" "मीच. दर नाताळला करते." एल्स्पेथने विचारलं, "डायरी काचेच्या कपाटात ठेवणार? कुलूप लावून?" "अर्थातच." "मग किल्ली हाताशी ठेवा. डुगल नावाचा एक म्हातारा येईल."