वीस दिवसांचं ऊन

भर दुपारी एक वाजता नलिनी घाटकोपरच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर, तोंडाला आणि हातांना खोबरेल चोपडून, सूर्याकडे तोंड करून बसली होती. मे महिना. शेजारणीने टाकलेले पापडसुद्धा वाळून वाकडे झाले होते. ही मात्र ढिम्म हलत नव्हती.

"गो, तुका याड लागला काय?" जिन्यातून आई ओरडली. "रविवारी कांदिवलीचे लोक बघूक येतले!"

"येऊ देत. मला कोण नाही म्हणतंय?"

म्हणणार तरी कोण? नलिनी गोरीपान, नाकीडोळी नीटस. आजवर दोन स्थळं आली, दोन्ही तिनेच नाकारली. कलामंडळात पाच वर्षं नायिका तीच. आणि आता? आता नायिका कमळ! तीच कमळ, जी पाच वर्षं मोलकरीण होऊन चहाचा ट्रे आत आणायची आणि बाहेर न्यायची. काळी, तिशीला टेकलेली, अजून बिनलग्नाची. नलिनीचा नुसता जळफळाट झाला होता.

हे सगळं जयवंतमुळे. दिवसा पोस्टात कारकून, संध्याकाळी मंडळाचा दिग्दर्शक. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नाटकांचं त्याला वेड. वह्यांमध्ये ती मराठीत उतरवायचा आणि महापालिकेच्या शाळेत तालमी घ्यायचा. दोन वर्षं सगळ्यांनी काळा रंग लावून कामं केली. घामाने रंग कॉलरवर उतरायचा. तोंडाला काळं फासून घ्यायची हौस फक्त ह्याच मंडळाला, असं लोक म्हणायचे. यंदा जयवंतने सांगून टाकलं, रंग लावायचा नाही. आणि धुण्याभांड्यांचं काम मागत दारोदार फिरणाऱ्या, दारातूनच परत पाठवल्या जाणाऱ्या बाईची मुख्य भूमिका दिली कमळला.

"रंगावर मिळालीय तिला, अभिनयावर नाही!" नलिनी भेटेल त्याला सांगत सुटली. शेवटी जयवंतलाच गाठलं. "काळीच बाई हवी ना तुला? वीस दिवस थांब. मग दोघींचं वाचन पुन्हा घे."

जयवंत भांडणाला कंटाळला होता. तो हो म्हणाला.

ऊन फुकट होतं. नलिनी रोज तीन तास बसली. रंग चढला, चांगला पक्का चढला. आरशात बघून ती खूश झाली. आता बघू कमळ काय करते ते!

रविवारी कांदिवलीची मंडळी आली. मुलगा बँकेत, हसतमुख. नलिनीला तो खरंच आवडला. दोघांचं बोलणंही छान रंगलं. मुलाची आई मात्र एकदा हातातल्या फोटोकडे बघे, एकदा नलिनीकडे. पोहे खाऊन मंडळी गेली.

मंगळवारी दुपारी स्थळ आणणाऱ्या शांताबाई निरोप घेऊन आल्या. "मुलगी बाकी छान आहे म्हणतात. पण सावळी आहे. त्यांना गोरी सून हवी."

नलिनीला आधी थट्टाच वाटली. मग ती किंचाळली, "अहो, पण मी गोरी आहे!"

शांताबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि चपला पायात घातल्या.

त्याच संध्याकाळी वाचन होतं. आधी कमळने वाचलं. "तुम्ही मला पाहिलंत कुठे, बाईसाहेब? तुम्ही नुसता रंग पाहिलात." दूध संपलंय असं सांगावं तितक्या साध्या आवाजात वाचलं.

"अगं, थोडी आग हवी ना!" जयवंत वैतागला. "अपमान झालाय तिचा."

"रोजच होतो ना तिचा?" कमळ म्हणाली. "मग रोज कोण ओरडेल?"

जयवंतने मान हलवली आणि नलिनीला खूण केली. नलिनी उभी राहिली. त्या वाक्यापाशी आली आणि तिचा आवाज फाटला. पुढचे शब्द रडण्यातच गेले.

"झकास!" जयवंत उठून उभाच राहिला. "ह्याला म्हणतात भूमिका जगणं! कमळ, राग मानू नको, पण ही भूमिका नलिनीचीच."

हवं होतं ते मिळालं होतं. पण नलिनीचं रडू थांबेना. बाकावर बसून तिने सगळं सांगून टाकलं, कांदिवली, फोटो, शांताबाई. "नुसत्या रंगावरून नाही म्हणाले रे! आवडला होता तो मला." कुणी पाणी आणलं, कुणी पंखा तिच्याकडे वळवला. गाढव आहेत ते लोक, असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं. जयवंत तर त्यांच्या घरी जाऊन जाब विचारायला निघाला होता.

नलिनीने डोळे पुसत कमळकडे बघितलं. "सांग ना गं, असं करतात का माणसाला?"

कमळने आपल्या हातातली नाटकाची वही मिटली, नलिनीच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको गं. तुझा रंग गणपतीपर्यंत उतरेल."