पिवळ्या चिठ्ठ्यांची पत्रिका

चारशे पत्रिका वाटून झाल्यावर महादेवरावांनी पोरीच्या लग्नाची पत्रिका पहिल्यांदा वाचली, आणि तडक छापणाऱ्याचं दुकान गाठलं.

सिंदीत त्या साली गजेंद्रने कॉम्प्युटरवर पत्रिका करून द्यायला नुकतीच सुरुवात केली होती. कच्ची पत्रिका पडद्यावर यायची. दुरुस्ती असेल तिथे पडद्यावरच पिवळी चिठ्ठी डकवायची आणि चिठ्ठीत सूचना लिहायची. महादेवराव बोलत गेले, गजेंद्र शब्द न् शब्द टाइप करत गेला. छापताना चिठ्ठ्या काढायच्या राहिल्या. घरी पत्नी विमलाबाईंनी गठ्ठ्याच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं आणि पत्रिका गावोगाव निघाल्या. महादेवरावांनी फक्त आपलं नाव पाहिलं होतं. ते ठीक होतं.

थोरल्या जावयाच्या नावाशेजारी पिवळ्या चौकोनात छापलं होतं, 'याले वर घे, नाई तर जेवत नाई.' लीलाकाकूंपाशी, 'ठळक कर, भांडते.' तानबाजींपाशी, 'आपला कोणी नाई, पण याची जीप पाहिजे.'

"गज्या, हे काय करून ठेवलं बे?"

"तुमीच तं सांगून राह्यले होते काका!"

महादेवरावांनी घाईघाईने आंजीच्या लक्ष्मणरावांचं नाव शोधलं. पोरीचा सख्खा मामा. तो रुसला तर नवरीला बोहल्यावर नेणार कोण? एका बारशात पेढा उशिरा मिळाला म्हणून या माणसाने सहा वर्षं उंबरा शिवला नव्हता. पण तिथे चिठ्ठी नव्हती. त्यांच्याबद्दल बोलायची महादेवरावांची छातीच झाली नव्हती. महादेवरावांचा जीव भांड्यात पडला.

बाकीच्यांचंही आक्रीत झालं. आपण जेवत नाही याची चारशे घरांत नोंद झाली म्हणून जावई खूश. लीलाकाकूंनी आपली चिठ्ठी महिला मंडळात वाचून दाखवली. तानबाजींनी एक मागितली तर दोन जीपा कबूल केल्या. सिंदीत प्रथमच लोक पत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत होते.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मणराव दारात उभे. तोंड फुगलेलं, हातात पत्रिका. बहिणीने पुढे केलेलं पाणीही त्यांनी घेतलं नाही.

"मी काई लग्नाले येत नाई."

"पण लक्ष्मणराव, तुमच्याबद्दल तं म्या एक अक्षर नाई लिहिलं!"

"तेच तं! साऱ्या गोतावळ्याले चिठ्ठी. मी एकटाच का परका आहो?"