गाळलेली सहा मिनिटं

डॉक्टर गोंधळेकर बाईंनी नवराबायकोचे मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मूल न होण्यावरचा तोच व्हिडिओ दोन्हींवर लावला. नयनाच्या मोबाइलवर तो दहा मिनिटं चालला, जयवंतच्या मोबाइलवर चारच.

हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या जयवंतला वाटलं, आपला मोबाइल बिघडला.

"बिघाड नाही, सर," बाई म्हणाल्या. "हल्लीचे व्हिडिओ बघणाऱ्याच्या कलाने घेतात. जे तुम्ही सारखं पुढे सरकवता, ते पुढच्या वेळी गाळूनच येतं. हे बघा."

त्यांनी बोट टेकवलं आणि गाळलेली सहा मिनिटं उघडली. दोष पुरुषातही असू शकतो. आधी त्याची तपासणी करा, ती सोपी असते. 'काही जण बायकोला काढा देतात' हे वाक्य जयवंतला पाठ होतं. त्याच्या पुढचं आज पहिल्यांदा ऐकू आलं: 'त्याचा उपयोग होतो याला पुरावा नाही.'

त्याचे कान तापले. चार वर्षं रोज सकाळी समोर उभं राहून त्याने नयनाला तो कडूजहर काढा प्यायला लावला होता.

"तुझ्याकडे तर हे सगळं होतं," तो खालमानेनं पुटपुटला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की, अहो. दर दिवाळीला सांगितलं."

जयवंत आठवू लागला. चारही दिवाळ्यांचा फराळ आठवला, आकाशकंदिलाचे रंग आठवले. नयनाचं ते वाक्य मात्र त्याला एकाही दिवाळीत सापडेना.