वाट पाहण्याची मुदत

"मॅडम, पुलाच्या नकाशांची फाइल परत अर्ध्यात तुटली ना जी!" नागपूरच्या शाखेतले देवतळे फोनवर अगदी रडकुंडीला आले होते.

शर्वरीने पुण्यातून सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि तिला दोष सापडला. मधला प्रॉक्सी सर्व्हर एवढी मोठी फाइल पुढे सोडण्याआधी पूर्ण तपासत होता. तोवर तो अवाक्षर काढत नव्हता, आणि पलीकडे कोणी नाही असं समजून नागपूरचं मशीन संपर्क तोडून मोकळं होत होतं.

"तो बंद पडलेला नाही हो, त्याला वेळ लागतो एवढंच. आपणच घाई करतोय," असं म्हणत तिने वाट पाहण्याची मुदत वाढवली. थोड्या वेळाने फाइल पोहोचली. देवतळ्यांचा जीव भांड्यात पडला.

शर्वरीला मात्र स्वतःचंच बोलणं टोचत राहिलं. लकवा झाल्यापासून बार्शीच्या घरी बाबांना एकेक शब्द जुळवावा लागे. दर रविवारी ती दोनदा "हॅलो, बाबा" म्हणायची आणि "रेंज नाही वाटतं" म्हणून फोन ठेवून द्यायची.

तिने तिथूनच घरी फोन लावला. वहिनीने तो बाबांच्या हातात दिला.

"बाबा, मी शर्वरी. कसे आहात?"

पलीकडे नुसता श्वास. ती थांबली. मीटिंगचं बोलावणं आलं, तरी जागची हलली नाही. अखेर बाबांचा आवाज आला, पण लांबून. ते वहिनीला सांगत होते.

"ठे... ठेवला... असेल तिने."

"बाबा, मी आहे!" ती ओरडली. तोवर त्यांनी फोन बंद केला होता.