पहिल्या गाडीच्या आधी

आजऱ्याच्या घाटातल्या हिवाळी रॅलीत कामिलची गाडी सगळ्यात आधी सुटली. शेजारी बसलेली राजनंदिनी वळणं सांगत होती. डांबर संपून तांबडी माती लागली, तर समोर चाकांचे ताजे ठसे!

"आपल्याआधी कोण गेलतं?" कामिल चिडला. "कुणीतरी लबाडी केलीया."

ठशांची नक्षी त्यांच्याच टायरसारखी होती. पुढच्या वळणावर मात्र ते ठसे वळलेच नाहीत, सरळ दरीत गेले. कामिलनं करकचून ब्रेक दाबला. दोघं उतरून काठाशी धावली.

खाली गाडी नव्हती. झाडाची फांदीसुद्धा मोडली नव्हती.

"कोण पडलं न्हाय बघ," कामिल सुटकेनं म्हणाला.

राजनंदिनी मागं वळून त्यांच्या उभ्या गाडीकडं बघत होती.

"कामिल, रस्त्यावर ठसं एकाच गाडीचं हायत की, दरीत गेलेलं. मग आपलं कुठं हायत?"