आडव्या माणसाची गाडी

“ह्या हौद्यात माणूस आडवा मावतो का?”

कौशल्यानं विचारलं आणि शोरूमच्या कोपऱ्यातली टाइपरायटरची खटखट थांबली. मैत्रिणींनी पैजच घातली होती. अण्णांबरोबर मालाची जीप बघायला जातेस ना, मग तिथल्या टायवाल्या विक्रेत्याला हे विचारून दाखव. आंतरशालेय वक्तृत्वात नुकताच पहिला नंबर काढलेली मुलगी असल्या पैजेला काय भिणार? चामराजपेटेतल्या घरून निघाल्यापासून तिनं वाक्य चारदा घोकलं होतं.

टायवाले बिंदुमाधव हसले. “कोण झोपणार, अक्का? तुम्ही?”

“मीच. शाळेचा कंटाळा आला की.”

“मग ही साधी घ्या. हिच्यात सहा फुटी माणूस पाय पसरून झोपेल. त्या दुसरीत गुडघे पोटाशी घ्यावे लागतील.”

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिचे अण्णा, व्यंकोजीराव, अर्ध्या तासापासून त्यांच्यामधून येरझाऱ्या घालत होते. आजवर त्यांच्या खाणीतला दगड बैलगाडीनं वर आला होता. ही त्यांची पहिली मोटार. साधीला ताडपत्रीचं छत, दारं नाहीत, रंग मातीचा. पण चारही चाकं ओढणारी आणि मागचा, माल ठेवायचा हौदा लांब. दुसरीला पत्र्याची केबिन, काचा, लाल रेक्झिनची गादी, तोंडावर चकचकीत पट्ट्या. तिची मागचीच दोन चाकं ओढत, आणि केबिननं जागा खाल्ल्यामुळे हौदा आखूड.

“दुसरीच बरी,” तिची आई सोयराबाई म्हणाल्या. त्या नारळ आणि हळदकुंकू घेऊनच आल्या होत्या. “दारात उभी राहिली की शोभेल. रविवारी पाहुणे यायचेत.”

पाहुणे कौशल्याला बघायला येणार होते. त्याचंही तिला भय नव्हतं. दोन प्रश्न त्यांनी विचारले तर दोन आपणही विचारू, असं ती वर्गात ऐटीत सांगून चुकली होती.

“बाई, ती खाणीत उतरेल,” बिंदुमाधव म्हणाले, “पण स्वल्प चिखल झाला की वर यायची नाही.”

“चिखल काय बारा महिने असतो?”

खाणीचा मुकादम यल्लाप्पा दाराबाहेर उभा होता. गुळगुळीत फरशीवर पाय ठेवायला तो बिचकत होता. कौशल्यानं त्याला दंडाला धरून आत आणलं.

“तुम्ही सांगा, यल्लाप्पा. आणि गुंडू अजून आला नाही का? गावाहून आला की त्यालाच निजवून बघू हौद्यात. तो मावला तर सगळे मावले.”

गुंडूनं तिला दोन बोटांनी शीळ घालायला शिकवलं होतं. खाणीतल्या कामगारांत त्याच्याइतका उंच कोणी नव्हता. महिन्यापूर्वी तो बेळगावकडे आपल्या गावी गेल्याचं घरी सांगितलं होतं.

यल्लाप्पानं धन्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

“लेकीला सांगितलं न्हाई व्हय, धनी?”

“यल्लाप्पा, इथं नको,” व्यंकोजीराव म्हणाले.

“काय सांगितलं नाही?” कौशल्यानं विचारलं. “यल्लाप्पा, काय?”

यल्लाप्पानं खांद्यावरचा पंचा हातात घेतला. “सुरुंग उशिरा उडला, अक्का. गुंडू जवळ गेलेला. दोन्ही मांड्या गेल्या. जीव हुता, बोलत हुता. सा बैलजोड्या समोर रवंथ करत बसलेल्या. पन सोमवार. सोमवार बसवण्णा देवाचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. गाडीवान धन्याच्या पाया पडले, पन उठले न्हाईत. जुंपा म्हनून मीबी म्हटलं न्हाई. फळीवर घालून खांद्यावरनं काढला. फळी आखूड. वरचा मागडी रोड दिसायच्या आत गेला.”

कौशल्या हौद्याची कड धरून उभी राहिली. पत्रा गार होता.

“आता मानसं खाली उतरत न्हाईत,” यल्लाप्पा धन्याला म्हणाला. “आडवा मानूस वर आनंल अशी गाडी येऊ दे, मग उतरू म्हनतात. म्हनून मला धाडलंय. गेल्या महिन्यात तुमी सरी, आनू म्हटलं हुतं.”

“शुभकार्य तोंडावर आलंय,” सोयराबाई हळू आवाजात लेकीला म्हणाल्या. “अशा वेळी घरात मरणाचा विषय नको, म्हणून नाही बोललो. पाहुण्यांच्या कानावर गेलं असतं, तर आलेलं स्थळ गेलं असतं.”

व्यंकोजीरावांनी कपाळाचा घाम पुसला. दोन्ही गाड्यांकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. “पुढच्या वर्षी साधी घेऊ, यल्लाप्पा. लग्न होऊन जाऊ दे. तोवर सांभाळून काम करा.”

यल्लाप्पा दाराकडे वळला. बिंदुमाधवांनी कागद पुढे सरकवला आणि अण्णांनी खिशातून पेन काढलं.

कौशल्या त्यांच्या टेबलाशी गेली.

“ही चकचकीत घ्या, अण्णा. हार मीच घालते,” ती म्हणाली. “रविवारी नऊवारी नेसून, मान खाली घालून बाहेरही येते. आई, तू म्हणशील तशी बसते. मग पाहुणे म्हणतील, गाडी झकास आहे, कधी घेतली? मी ठरवलंय, त्याचं उत्तर मी देणार. गुंडूपासून सुरुवात करणार.”