मेंटेनरचा मान

आजोबांच्या कापडछपाईच्या ठशांची नक्षी कम्प्युटरवर उमटवणारं सॉफ्टवेअर पॅकेज मेघाश्रीने तयार केलं. ते प्रसिद्ध करण्याआधी लेखकांची नावं भरायची होती. ती म्हैसूरला माहेरी विचारायला गेली आणि फसली. लग्नपत्रिकेसारखी रांग लागली. आप्पा, काका, काकू, फुरंगटून बसलेली आत्या, सगळे लेखक झाले. सोबत आलेला तिचा नवरा, नाशिकचा जावई दिलीप, कॉफी पीत राहिला. त्याला कोणी विचारलं नाही. मेघाश्री म्हणाली, “आता मेंटेनर, म्हणजे पुढे देखभाल करणारा. एकच नाव. लोकांच्या तक्रारी त्याच्याच मेलवर येणार.” काकांनी पेपर उघडला. “अय्यो, बेडा, माझं नको,” म्हणत आत्या कप विसळायला गेली. “जावईबापूंचं घाल,” आप्पा मायेने म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दिलीपला भरून आलं. लग्नानंतर प्रथमच ह्या घराने त्याचं नाव घेतलं होतं. संध्याकाळी पॅकेज प्रसिद्ध झालं. पहिली तक्रार आत्याचीच: “माझं नाव धाकट्या वहिनीच्या खाली का?”